फक्त बिग एंडियन यंत्रावर फेल होणाऱ्या केयुनिट चाचण्या: निदान आणि दुरुस्ती

लिनक्स कर्नलची एखादी युनिट टेस्ट (कोडचा एक छोटा भाग एकटा तपासणारी चाचणी) विकसकाच्या लॅपटॉपवर महिनोन्‌महिने बिनतक्रार पास होते आणि तीच एस३९० या आयबीएमच्या मेनफ्रेमवर किंवा बिग एंडियन पॉवरपीसीवर, म्हणजे संख्येचा सर्वांत वरचा बाइट मेमरीत आधी ठेवणाऱ्या यंत्रावर, चालवली की पहिल्याच फेरीत फेल होते, ही तक्रार दर काही आवृत्त्यांनंतर नव्याने येते. उपप्रणाली बदलते, लिहिणारा बदलतो, पण मूळ कारण बहुतेक वेळा तेच असते. चाचणीतला अपेक्षित आकडा हा डेटाच्या स्वरूपावरून काढलेला नसून लिहिणाऱ्याच्या यंत्रावर जे दिसले त्यावरून उचललेला असतो. अशा चाचणीकडे हाती आलेला फेल-संदेश घेऊन कसे जावे, चूक चाचणीत आहे की मूळ कोडमध्ये हे कसे ठरवावे आणि दुरुस्ती कोणत्या बाजूला करावी, एवढेच येथे पाहायचे आहे.

ही चूक इतके दिवस लपते कशी

केयुनिट हा युनिट टेस्टचा सांगाडा ५.५ या आवृत्तीबरोबर, म्हणजे जानेवारी २०२० मध्ये, कर्नलच्या मुख्य शाखेत आला. त्याच्यासोबतची केयुनिट.पीवाय ही स्क्रिप्ट काही न सांगता चालवली तर ती यूएमएल, म्हणजे यूजर मोड लिनक्स, बांधते आणि एक साधी प्रोसेस म्हणून यजमान यंत्रावरच चालवते. ही सोय उत्तम आहे. काही सेकंदांत निकाल हाती येतो, ना व्हर्च्युअल मशीन लागते ना वेगळा कंपायलर. मात्र यूएमएलचा बाइट क्रम यजमानाचाच असतो, आणि यूएमएल चालते ते एक्स८६ यजमानावरच, जे लिटल एंडियन, म्हणजे सर्वांत खालचा बाइट आधी ठेवणारे, यंत्र आहे. सीपीयूचा क्रम आणि डिस्कवरचा किंवा उपकरणाचा क्रम दोन्ही लिटल एंडियन असले की सीपीयूच्या क्रमातून लिटल एंडियनमध्ये नेणारे सीपीयू_टू_एलई३२ हे फंक्शन काहीच करत नाही. ते लिहिले काय, विसरले काय, उलट्या दिशेचे लिहिले काय किंवा दोनदा लिहिले काय, निकाल सारखाच येतो. म्हणजे सर्वांत जास्त वेळा चालणारी चाचणी नेमकी या एका बाबतीत आंधळी असते.

बिग एंडियन यंत्रे आता उरली आहेत किती, हा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. एस३९० कधीही लिटल एंडियन नव्हते आणि त्यावर लिनक्स रोजच्या व्यवहारात चालते, हे एक उत्तर झाले. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे कारण दुसरे आहे: नेटवर्कचे मथळे, डिस्कसारख्या उपकरणांना दिल्या जाणाऱ्या स्कझीच्या आज्ञा, यंत्रातल्या उपकरणांचे वर्णन असलेला डिव्हाइस ट्रीचा ब्लॉब आणि एक्सएफएस या फाइल सिस्टिमची डिस्कवरची रचना हे सारे बिग एंडियन आहे, त्यामुळे रूपांतर विसरणारा हात लिटल एंडियन यंत्रावरही कुठेतरी चुकतोच.

आधी आकडा नीट वाचावा

केयुनिटचे तुलना करणारे मॅक्रो फेल झाले की दोन्ही बाजूंचे मूल्य दशमान आणि हेक्स (षोडशमान) अशा दोन्ही रूपांत छापतात. घाईत केवळ दशमान आकडा पाहिला जातो, तसे करू नये. अपेक्षित ३०५४१९८९६ आणि मिळाले २०१८९१५३४६, या जोडीकडे पाहून काही बोध होत नाही; पण हेक्समध्ये तीच जोडी १२३४५६७८ आणि ७८५६३४१२ अशी दिसते आणि चारही बाइट उलटे झाल्याचे ताबडतोब लक्षात येते.

लहान आकड्यांच्या बाबतीत काही खुणा पाठ असलेल्या बऱ्या. अपेक्षित १ आणि मिळाले २५६, किंवा अपेक्षित ५ आणि मिळाले १२८०, तर सोळा बिटांचे क्षेत्र रूपांतर न करता वाचले गेले आहे. ५ च्या जागी ८३८८६०८० आले तर दोन शक्यता उरतात. एक तर बत्तीस बिटांचा शब्द सबंध उलटला आहे, नाही तर यू३२ (बत्तीस बिटांचा चिन्हरहित पूर्णांक; यू८ आणि यू१६ तसेच आठ व सोळा बिटांचे) चलाच्या पत्त्यावर कोणीतरी एकच बाइट लिहिला आहे. ५ च्या जागी ३२७६८० आले तर यू३२ च्या पत्त्यावर यू१६ लिहिला गेल्याची जवळजवळ खात्री बाळगावी, कारण तो आकडा हेक्समध्ये ०००५०००० असा, म्हणजे पाच वरच्या अर्ध्या भागात जाऊन बसलेला, दिसतो. आणि अपेक्षित लहान संख्येच्या जागी साफ शून्य आले तर मोठ्या चलाचा पत्ता लहान प्रकाराच्या पॉइंटरमध्ये कास्ट करून, म्हणजे प्रकार जबरदस्तीने बदलून, वाचला आहे, असे समजून शोध सुरू करावा: लिटल एंडियनवर त्या पत्त्यावर सर्वांत खालचा बाइट असतो, बिग एंडियनवर सर्वांत वरचा, आणि लहान संख्येचा वरचा बाइट शून्यच असतो. ही शेवटची चूक बाइट उलटवून दुरुस्त होत नाही. तिथे कास्टच काढावा लागतो.

आयपीच्या मथळ्यातला पहिला बाइट ४५ ऐवजी ५४ दिसत असेल तर प्रश्न बाइटांचा नसून बिटफील्डचा, म्हणजे ठरावीक बिटांना दिलेल्या क्षेत्रांचा, आहे. एका बाइटच्या आतील बिटफील्ड कोणत्या टोकापासून मांडायची हे सी भाषा ठरवत नाही, ते त्या त्या आर्किटेक्चरच्या संकेतावर सोडलेले आहे, आणि म्हणूनच कर्नलमधल्या आयपी मथळ्याच्या रचनेत आवृत्ती आणि लांबी ही दोन क्षेत्रे दोन वेगवेगळ्या क्रमांनी, इफडेफ ही कंपाइल करतानाची अट घालून, दोनदा लिहिलेली आहेत. चाचणीसाठी स्वतःची रचना बनवताना बिटफील्ड वापरूच नयेत; शिफ्ट आणि मास्क वापरावेत.

या खुणांपैकी कोणतीच जुळत नसेल तर दोष बाइट क्रमाचा नसण्याचीही शक्यता मोकळी ठेवावी. मोटोरोलाच्या ६८के प्रोसेसरवर बत्तीस बिटांचा इंटही दोन बाइटांच्या सीमेवर बसतो, त्यामुळे क्षेत्रांमधली भरणी (पॅडिंग) गृहीत धरणारी चाचणी तिथे फेल होते आणि ६८के बिग एंडियन असल्यामुळे दोष मात्र भलत्याच माथी मारला जातो. चाचणी एस३९० आणि पॉवरपीसी दोन्हीकडे सारखीच फेल होत असेल तर बाइट क्रमाचा संशय पक्का धरावा. फक्त ६८के वर फेल होत असेल तर आधी सीमा आणि आकार तपासावेत.

चूक कोणाची: चाचणीची की कोडची

ही पायरी वगळून थेट दुरुस्तीला हात घालणे हा या प्रकरणातला सर्वांत महाग पडणारा उतावळेपणा आहे. बाइट उलटवण्याची क्रिया स्वतःचीच व्यस्त क्रिया असल्यामुळे कुठेही एक उलटवणे घातले की आकडे जुळतात आणि चाचणी हिरवी होते. ते योग्य जागी घातले गेले की नाही, हे त्या हिरवेपणावरून कळत नाही. कोड चुकीचा असताना चाचणीत उलटवणे घातले तर ती चाचणी यापुढे त्या चुकीचीच राखण करू लागते.

म्हणून आधी स्वरूपाचे मूळ वर्णन उघडावे आणि बाइट लिहून काढावेत. समजा, एखाद्या उपकरणाच्या संदेशात आधी दोन बाइटांचा प्रकार, मग दोन बाइटांची लांबी आणि नंतर चार बाइटांचा अनुक्रमांक आहे, आणि सर्व क्षेत्रे लिटल एंडियन आहेत असे माहितीपत्रकात म्हटले आहे. प्रकार हेक्स ०१०२, लांबी ८ आणि अनुक्रमांक हेक्स १२३४५६७८ असेल तर तारेवर आठ बाइट ०२ ०१ ०८ ०० ७८ ५६ ३४ १२ याच क्रमाने जायला हवेत, मग ते पाठवणारा सीपीयू कोणताही असो. हे आठ बाइट चाचणीत यू८ च्या स्थिर सरणीत (अॅरेमध्ये) तसेच्या तसे लिहावेत, एन्कोड करणाऱ्या फंक्शनचा निकाल त्यांच्याशी केयुनिट_एक्स्पेक्ट_मेमईक्यू या मॅक्रोने ताडून पाहावा आणि डिकोड करणाऱ्या फंक्शनला तीच सरणी द्यावी. हा मॅक्रो फेल झाल्यावर दोन्ही बाजूंचे बाइट हेक्समध्ये छापतो आणि न जुळणारे बाइट कोनी कंसांत दाखवतो, त्यामुळे कोणते क्षेत्र उलटले आहे हे वेगळे शोधावे लागत नाही. यू८ च्या सरणीला बाइट क्रम नसतोच. म्हणून ही सरणी दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर साक्षीदार म्हणून चालते. आता एस३९० वर एन्कोडचा निकाल ०१ ०२ ०० ०८ असा सुरू झाला तर चूक कोडची. आणि या सरणीशी कोड जुळत असूनही जुनी चाचणी फेल होत असेल तर चूक चाचणीची.

चाचणीसाठी आकडे निवडतानाही थोडे भान ठेवावे. शून्य, सर्व बिट एक असलेला आकडा, हेक्स ०१०१०१०१ किंवा एएए अशी आवर्तने उलटी केली तरी तशीच राहतात, त्यामुळे ती बाइट क्रमाच्या बाबतीत काहीच तपासत नाहीत. प्रत्येक बाइट वेगळा असलेला आकडा घ्यावा. निदान एका चाचणीत तरी वरचा बिट एक असू द्यावा, म्हणजे चिन्हविस्ताराची चूकही सापडते.

एन्कोड करून लगेच डिकोड करायचे आणि मूळ मूल्य परत आले की समाधान मानायचे, अशी चाचणी फार लोकप्रिय आहे. तिच्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. दोन्ही फंक्शनांत रूपांतर विसरले असेल तर ती चाचणी लिटल एंडियनवर पास होते आणि बिग एंडियनवरही पास होते. उपकरणाला मात्र चुकीचे बाइट जातात. अशी चाचणी ठेवायला हरकत नाही, पण स्थिर बाइटांची चाचणी सोबत असल्याशिवाय ती बाइट क्रमाची हमी देते असे म्हणू नये.

चाचणीचा इतिहासही उपयोगी पडतो. एक्स्ट४ या फाइल सिस्टिमसारखा कोड एस३९० वर दीर्घकाळ चालत आलेला आहे. त्याची नवी चाचणी तिथे फेल झाली तर संशय आधी चाचणीवर घ्यावा. उलट, कालपरवा लिहिलेला आणि फक्त लिटल एंडियन बोर्डवर चाललेला ड्रायव्हर असेल तर संशय कोडवर. एक्स्ट४ चीच आयनोड-टेस्ट ही फाइल, केयुनिटबरोबरच आलेल्या पहिल्या चाचण्यांपैकी एक, या बाबतीत वाचण्यासारखी आहे. डिस्कवरच्या कालमुद्रेचे जादा बिट तक्त्यात साध्या संख्या म्हणून ठेवले आहेत आणि तपासायच्या फंक्शनला देताना ते सीपीयू_टू_एलई३२ मधून पाठवले आहेत, कारण ते फंक्शन डिस्कवरून आलेलेच मूल्य घेते. सीमा कुठे आहे हे त्या एका ओळीवरून समजते.

लाल पिक्सेल हिरवा होतो तेव्हा

डीआरएम या कर्नलच्या ग्राफिक्स उपप्रणालीतल्या पिक्सेल-स्वरूप बदलणाऱ्या फंक्शनांची चाचणी हे या चुकीचे नमुनेदार उदाहरण आहे. २०२२ मध्ये ती पॉवरपीसीवर फेल होत असल्याचे उघड झाले आणि दुरुस्त केले गेले. डीआरएममध्ये एक्सआरजीबी८८८८ या स्वरूपाची व्याख्या लिटल एंडियन शब्द म्हणून केलेली आहे: मेमरीत आधी निळा बाइट, मग हिरवा, मग लाल आणि शेवटी न वापरला जाणारा. चाचणीत एका लाल पिक्सेलसाठी यू३२ च्या सरणीत हेक्स ०१एफएफ०००० असे मूल्य लिहिलेले होते.

एक्स८६ वर हे मूल्य मेमरीत ०० ०० एफएफ ०१ असे बसते, म्हणजे निळा शून्य, हिरवा शून्य, लाल पूर्ण. व्याख्येप्रमाणे बरोबर. बिग एंडियन यंत्रावर मात्र तेच मूल्य ०१ एफएफ ०० ०० असे बसते. रूपांतर करणारे फंक्शन इमानदारीने मेमरीतला शब्द लिटल एंडियन समजून वाचते आणि त्याला ००००एफएफ०१ मिळते: लाल शून्य, हिरवा पूर्ण, निळ्याचा किंचित अंश. सोळा बिटांच्या आरजीबी५६५ या स्वरूपात त्याचे ०७ई० होते, तर चाचणी एफ८०० ची वाट पाहत बसलेली असते. शिवाय निकालही लिटल एंडियन सोळा-बिटी शब्द म्हणून मेमरीत लिहिला जातो; तो साधा यू१६ म्हणून वाचला तर ०७ई० देखील न दिसता ई००७ दिसते. दोन चुका एकावर एक बसल्या की आलेल्या आकड्यावरून मूळ शोधणे कठीण होते. म्हणून आदान आणि प्रदान या दोन्ही टोकांचे बाइट वेगवेगळे छापून पाहावेत, दोन्ही एकदम दुरुस्त करायला जाऊ नये.

यातला रूपांतराचा कोड बरोबर होता, चाचणीचा डेटा चुकीचा होता. दुरुस्ती अशी की चाचणीचा तक्ता वाचायला सोपा राहावा म्हणून त्यात संख्या सीपीयूच्या क्रमातच ठेवायच्या, पण कोडला देण्याआधी संपूर्ण बफर लिटल एंडियन करायचा आणि निकालाचा बफर तुलनेआधी परत सीपीयूच्या क्रमात आणायचा. त्या फाइलमधली एलई३२बफ_टू_सीपीयू सारखी छोटी फंक्शने हेच काम करतात. दिशा मात्र नावात बरोबर लिहावी. उलट्या दिशेचे फंक्शनही बिटांच्या पातळीवर तोच निकाल देते, पण वाचणाऱ्याला कोणत्या क्षणी बफर कोणत्या क्रमात आहे हे कळेनासे होते आणि पुढचा बदल करणारा हमखास गोंधळतो.

चेकसम: येथे सबंध शब्द उलटवून चालत नाही

इंटरनेट चेकसमच्या, म्हणजे पॅकेट बिघडले नाही ना हे ताडणाऱ्या बेरजेच्या, चाचण्या त्याहून अवघड निघाल्या. लिब फोल्डरातल्या चेकसम_केयुनिट या फाइलची बिग एंडियनसाठी दुरुस्ती एकदा झाल्यावर २०२४ मध्ये पुन्हा करावी लागली, आणि त्या पॅचच्या शीर्षकातच ‘पुन्हा’ हा शब्द आहे.

चेकसमचा गुणधर्म असा की तो बाइट क्रमावर एका अर्थाने अवलंबून नसतो. १९८८ च्या आरएफसी १०७१ मध्ये हे मांडलेले आहे. १२ ३४ ५६ ७८ हे चार बाइट घ्या. बिग एंडियन यंत्र १२३४ आणि ५६७८ मिळवून ६८एसी काढते. लिटल एंडियन यंत्र ३४१२ आणि ७८५६ मिळवून एसी६८ काढते. संख्या वेगळ्या, पण मेमरीत परत लिहिल्यावर दोन्हीकडे बाइट ६८ एसी असेच पडतात, कारण एकाच्या पूरक बेरजेत वरून ओसंडलेला हातचा पुन्हा खाली मिळवला जातो. त्यामुळे कर्नल ही बेरीज सीपीयूच्या सोयीच्या क्रमात करतो आणि रूपांतराचा खर्च वाचवतो. चाचणीत मात्र अपेक्षित बेरजा संख्या म्हणून लिहिल्या की त्या एकाच क्रमाच्या होतात. त्या फाइलमधल्या बत्तीस-बिटी सुरुवातीच्या बेरजांच्या तक्त्यावर तशी टीपच आहे: ही मूल्ये लिटल एंडियन सीपीयूची आहेत, बिग एंडियनवर प्रत्येक अर्ध्या भागातले बाइट उलटवावेत.

प्रत्येक अर्ध्या भागातले, सबंध बत्तीस बिटांचे नव्हे. बेरजेचे एकक सोळा बिटांचे आहे. बत्तीस बिटांचा संचायक हा हातचे साठवण्यापुरता आहे. शेवटी सोळा बिटांत दुमडल्यावर अर्धे भाग कोणत्या जागी होते याने फरक पडत नाही, पण दुमडण्याआधीच्या मूल्याची तुलना करणाऱ्या चाचणीत पडतो. बाइट क्रमाच्या प्रत्येक दुखण्यावर स्वॅब३२ चा, म्हणजे चारही बाइट उलटवण्याचा, लेप लावण्याची सवय येथे नडते.

सीआरसी या दुसऱ्या प्रकारच्या तपासणी-संख्येच्या बाबतीत याच धर्तीचा एक वेगळा गोंधळ होतो. सीआरसी३२_एलई या नावातले ‘एलई’ हे बिटांच्या क्रमाविषयी आहे. फंक्शन परत करते ती सीपीयूच्या क्रमातली साधी संख्या असते. १ ते ९ या नऊ अंकी अक्षरांचा प्रचलित सीआरसी-३२ हा सर्व यंत्रांवर सीबीएफ४३९२६ हाच येतो आणि त्याची संख्या म्हणून तुलना करताना काहीही उलटवू नये. तो डिस्कवर लिटल एंडियन साठवायचा असेल तेव्हाच रूपांतर लागते आणि मग बाइट २६ ३९ एफ४ सीबी असे पडतात.

बिटमॅप आणि कास्ट केलेले पॉइंटर

कर्नलचा बिटमॅप हा अनसाइन्ड लाँगची, म्हणजे यंत्राच्या शब्दाएवढ्या पूर्णांकांची, सरणी असतो. लिटल एंडियनवर शून्यावा बिट पहिल्या बाइटमध्येच असतो, त्यामुळे बिटमॅपचा पत्ता यू८ च्या किंवा यू३२ च्या पॉइंटरमध्ये कास्ट करून पाहणाऱ्या चाचण्या तिथे सहज खपून जातात. चौसष्ट बिटांच्या बिग एंडियनवर शून्यावा बिट आठव्या बाइटमध्ये असतो, बत्तीस बिटांच्या बिग एंडियनवर चौथ्या. म्हणजे येथे बाइट क्रम आणि शब्दाची लांबी दोन्ही गुंतलेले आहेत, आणि केवळ एस३९० वर पास झाली म्हणून बिटमॅपची चाचणी निर्दोष ठरत नाही. बत्तीस बिटांचे स्पार्क किंवा ६८के ही चालवून पाहावे. बाहेरच्या यू३२ सरणीशी देवघेव करायची असेल तर बिटमॅप_फ्रॉम_एआरआर३२ आणि बिटमॅप_टू_एआरआर३२ ही फंक्शने त्यासाठीच आहेत. डिस्कवरचा बिटमॅप असेल तर सेट_बिट_एलई कुळातली फंक्शने वापरावीत.

यू३२ चलाचा पत्ता अनसाइन्ड लाँगच्या पॉइंटरमध्ये कास्ट करून टेस्ट_बिट ला देणे हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार. एस३९० वर आठ बाइट वाचले जातात आणि खालचे बत्तीस बिट त्या चलाचे नसून स्टॅकवर त्याच्या शेजारी जे काही असेल त्याचे असतात. चाचणी कधी पास, कधी फेल होते, आणि बाइट क्रमाचा दोष असा लहरी नसतो म्हणून शोध भलतीकडे भरकटतो. चल अनसाइन्ड लाँग करावा, कास्ट काढावा, प्रश्न मिटतो.

स्पार्सला बोलू द्यावे

यातल्या बऱ्याच चुका चाचणी न चालवताही सापडतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये सुरू केलेले स्पार्स हे साधन एलई३२, बीई१६ अशा प्रकारांना साध्या पूर्णांकांपासून वेगळे मानते, आणि मेकला सी=१ दिले की नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइली व सी=२ दिले की सर्वच फाइली तपासते. पूर्वी बाइट क्रमाच्या तपासणीसाठी वेगळा स्विच द्यावा लागे, आता लागत नाही. ‘रिस्ट्रिक्टेड एलई३२ डिग्रेड्स टू इंटिजर’ अशा आशयाची सूचना आली की त्या ओळीवर रूपांतर राहिले आहे किंवा चलाचा प्रकार चुकला आहे, एवढाच तिचा अर्थ.

अडचण अशी की चाचण्यांमध्ये डेटा बहुधा यू३२ किंवा यू८ च्या साध्या सरण्यांत असतो आणि प्रकारच दिलेला नसल्यामुळे स्पार्सला बोलायला जागा राहत नाही. तपासायच्या फंक्शनला व्हॉइड पॉइंटर जात असेल तर उरलीसुरली माहितीही पुसली जाते. म्हणून चाचणीतल्या बफरनाही खरा प्रकार द्यावा. केयुनिट_एक्स्पेक्ट_ईक्यू ला थेट एलई१६ क्षेत्र दिले तर मॅक्रोच्या आत ते लाँग लाँग मध्ये साठवताना स्पार्स तक्रार करते, आणि ती तक्रार बंद करण्यासाठी फोर्सचा कास्ट टाकण्याचा मोह होतो. त्याऐवजी क्षेत्र एलई१६_टू_सीपीयू मधून काढून साध्या संख्येशी तुलना करावी. तक्रार जाते आणि फेल झाल्यावर छापला जाणारा आकडाही माणसाला वाचता येतो. चेकसमसारख्या, स्वतःचा क्रम नसलेल्या प्रकारांसाठी फोर्स कधी कधी अटळ असतो. अन्यत्र तो दिसला की थांबून विचार करावा.

स्पार्सलाही न दिसणारी एक चूक म्हणजे दुहेरी रूपांतर. रीडएल हे फंक्शन पीसीआयच्या लिटल एंडियन रजिस्टरमधले मूल्य सीपीयूच्या क्रमात आणूनच देते. ऑफ_प्रॉपर्टी_रीड_यू३२ डिव्हाइस ट्रीमधल्या बिग एंडियन मूल्याचे तेच करते. त्यांच्या निकालावर पुन्हा रूपांतर लावले आणि तो यू३२ चलातच ठेवून वर कास्टही केला तर सारे शांत राहते आणि बिग एंडियनवर आकडा उलटतो. चाचणीसाठी या फंक्शनांची नकली आवृत्ती लिहिताना हा करार पाळला नाही तर नकली आवृत्ती आणि ड्रायव्हर दोघे मिळून एकमेकांची चूक झाकतात.

यूजरस्पेसमधून आणलेल्या चाचण्यांत आणखी एक सापळा असतो. ग्लिबीसी या सी लायब्ररीमध्ये बिग आणि लिटल दोन्ही एंडियनची नावे कायम व्याख्यात असतात आणि बाइट ऑर्डर या तिसऱ्या नावाशी त्यांची तुलना करायची असते. कर्नलमध्ये त्या दोनांपैकी एकच नाव व्याख्यात असते आणि त्यावर इफडेफ लावायचा असतो. एकाची पद्धत दुसऱ्यात नेली की अट भलत्या वेळी खरी ठरते आणि चुकीची शाखा मुकाट्याने कंपाइल होते.

चालवून पाहणे

यासाठी मेनफ्रेम लागत नाही. केयुनिट.पीवाय ला आर्क म्हणून एस३९० आणि क्रॉस-कंपाइल म्हणून एस३९०एक्स-लिनक्स-जीएनयू हा उपसर्ग, शेवटच्या जोडचिन्हासह, दिला की ती क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये कर्नल सुरू करून नेहमीसारखाच निकाल दाखवते. डिस्ट्रोमधला क्रॉस-कंपायलर आणि एस३९० साठीचा क्यूईएमयू तेवढा बसवलेला हवा. पॉवरपीसीसाठीही तीच रीत. तिथली मूळ मांडणी बिग एंडियनच आहे. प्रत्येक आर्किटेक्चरला वेगळी बिल्ड डिरेक्टरी द्यावी, नाही तर दर वेळी सारे पुन्हा कंपाइल होते आणि कंटाळून माणूस ही तपासणी सोडून देतो. आपल्याच चाचण्यांचे नाव गाळणी म्हणून दिले की फेरी आटोपशीर होते.

स्वरूपच दोन्ही क्रमांत असू शकत असेल तर चाचणी पॅरामीटरने चालवावी. रजिस्टर वाचण्या-लिहिण्यासाठीच्या रेगमॅपच्या केयुनिट चाचण्या मूल्याचा बाइट क्रम हा एक पॅरामीटर म्हणून घेतात आणि लिटल व बिग दोन्ही प्रकार प्रत्येक यंत्रावर तपासतात, त्यामुळे निदान एक रूपांतर तरी लॅपटॉपवरही खरेखुरे घडते.

बिग एंडियनसाठी इफडेफ घालून तिथे आलेला निकालच अपेक्षित म्हणून चिकटवणे हा तोडगा मी कोणत्याही पॅचमध्ये मान्य करणार नाही. त्याने चाचणी हिरवी होते, पण ती काहीच तपासत नाही. ड्रायव्हर खरोखरच लिटल एंडियनपुरता असेल तर केयुनिट_स्किप वापरून कारण लिहावे; निकालात ते वगळलेले म्हणून दिसते आणि कोणाची फसवणूक होत नाही.

पॅच पाठवताना वर्णनात फेल झालेल्या फेरीची आज्ञा आणि हेक्स मूल्यांसह निकालाच्या दोन-चार ओळी द्याव्यात, चूक चाचणीत होती की कोडमध्ये हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि ज्या कमिटने ती आणली त्याचा फिक्सेस टॅग लावावा. चूक कोडमध्ये असेल तर कोडची दुरुस्ती आणि स्थिर बाइटांची नवी चाचणी हे दोन वेगळे पॅच करावेत, म्हणजे स्थिर शाखेच्या देखभालकर्त्यांना पहिला एकटाच उचलता येतो.